वडिलांची श्रीलंकेतली दोन पत्रं आणि एक प्रश्न: मोठा देश शेजारच्या छोट्या देशात सैन्य का पाठवतो?

वसनाकाठी

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. हा प्रश्न मात्र वर्गातला नाही, घरातला आहे.

माझे वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. मागच्या पावसाळ्यात ते गेले. दिवाळीच्या आधी आईनं त्यांची काळी ट्रंक उन्हात टाकायला बाहेर काढली. तळाशी तिनं जपून ठेवलेली पत्रं निघाली, पत्ता ५६ एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपालाचा. त्यातली दोन श्रीलंकेतली आहेत.

पहिलं ऑगस्ट १९८७ चं. "इकडे सर्व ठीक आहे. लोक रस्त्यात थांबवून गळ्यात हार घालतात, शहाळं पाजतात. माती लाल आहे, कोकणात आल्यासारखं वाटतं. पोरीचं नाव शाळेत घातलं का?" ती पोरगी म्हणजे मी.

दुसरं त्याच वर्षी नोव्हेंबरातलं. चारच ओळी. "मी बरा आहे. काळजी करू नये. पाणी मागायला गेलं तर लोक दार लावून घेतात. जास्त लिहीत नाही."

तीन महिन्यांत असं काय झालं? वडील ह्या विषयावर शेवटपर्यंत बोलले नाहीत. युक्रेनच्या बातम्या लागल्या, रणगाडे दिसले, की उठून गोठ्यात जायचे. मला वाटायचं म्हशीकडे गेले.

मी मुलांना शिकवते की बलाढ्य देश दुबळ्या शेजाऱ्यावर चाल करून जातात. उदाहरणं मात्र सगळी लांबची देते, रशियाची, अमेरिकेची. आपणही एकदा आपल्यापेक्षा कितीतरी लहान देशात हजारो जवान पाठवले होते आणि त्यात माझे वडील होते, हे मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. आपण तिथं का गेलो? मदतीला गेलो की आपल्या कामाला? आणि हार घालणाऱ्या माणसांनी दार का लावलं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. पक्षांची भांडणं इथं नकोत, हात जोडून विनंती.

---

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

ताई, मी पस्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ह्या धड्याला मी आधी नकाशा काढायचो. धनुष्कोडीपासून श्रीलंकेचं तलाईमन्नार जेमतेम ३० किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीपेक्षा जवळ. एवढ्या अंतरावर एका घरात आग लागली की दुसऱ्या घरातली माणसं झोपत नाहीत.

ती आग लागली जुलै १९८३ मध्ये. श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या, तमिळांच्या जाफन्यात वाघांनी, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेनं, लष्करी गाडीवर हल्ला करून श्रीलंकेचे १३ सैनिक मारले. त्याचा सूड तिथल्या बहुसंख्य सिंहली समाजातल्या जमावांनी कोलंबोतल्या साध्या तमिळ माणसांवर काढला. दुकानं जाळली, घरं जाळली, माणसं मारली. लोक होड्यांतून तामिळनाडूत उतरायला लागले. तमिळ भाषकांचं अख्खं राज्य संतापलं असताना दिल्लीतलं कुठलंही सरकार स्वस्थ बसू शकत नव्हतं. पहिलं कारण हे, घरातलं.

पण इथेच थांबलो तर मी तुम्हाला अर्धवट सांगितल्यासारखं होईल. आपण नुसते काळजी करत नव्हतो. त्याच वर्षापासून भारतानं तमिळ तरुणांच्या संघटनांना आपल्या भूमीवर लष्करी प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली. कोलंबोवर दाब ठेवायला ही पोरं उपयोगी पडतील असा हिशेब होता. पुढे १९८७ मध्ये ज्यांच्याशी आपले जवान लढले, त्यांतल्या काहींना बंदूक धरायला आपणच शिकवलं होतं. ही गोष्ट सांगताना माझा वर्गातही आवाज पडायचा.

दुसरं कारण भीतीचं. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने पाश्चिमात्य देशांकडे झुकलेले. त्यांच्या फौजेला शिकवायला इस्रायली आले, ब्रिटनमधले निवृत्त कमांडो आले, पाकिस्तानची मदत आली. आणि त्रिंकोमालीचं बंदर! एवढं खोल, सुरक्षित नैसर्गिक बंदर आपल्या किनाऱ्यावरसुद्धा सहज सापडायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमार तिथं होतं, म्हणून १९४२ मध्ये जपान्यांनी त्यावर बाँब टाकले. ते उद्या परक्या आरमाराच्या हाती गेलं तर?

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला: प्रांतांना अधिकार द्यायचे, वाघांनी शस्त्रं खाली ठेवायची, देखरेखीला भारताची फौज. बहुतेकजण तो करारच वाचतात. त्याला जोडून दोघांनी एकमेकांना जी पत्रं दिली ती मी मुलांना आवर्जून वाचायला लावायचो. त्रिंकोमाली किंवा इतर कुठलंही बंदर भारताच्या हिताला बाध येईल अशा लष्करी वापरासाठी कुणाला द्यायचं नाही, तिथल्या तेलाच्या टाक्या भारताबरोबर मिळून चालवायच्या, परदेशी नभोवाणी केंद्रांचा लष्करी कामासाठी वापर होऊ द्यायचा नाही, परदेशी लष्करी माणसांबद्दल बोलणी करायची. करारात तमिळांच्या हक्काची भाषा आहे, पत्रांत आपल्या काळजीची. दोन्ही खरी होती असं माझं मत आहे. मदत की आपलं काम, असं तुम्ही विचारलंत. मोठे देश सहसा निव्वळ मदतीसाठी घराबाहेर पडत नाहीत, आणि निव्वळ स्वार्थासाठी निघालो असं कबूलही करत नाहीत. दोन्ही एका पोत्यात भरलेलं असतं. वाट लागते ती पोतं उघडल्यावर.

जयवर्धन्यांचीही गरज होतीच. दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचं बंड पेटलं होतं आणि त्यांना उत्तरेतली फौज तिकडे हवी होती. भारतीय जवान उत्तरेत उभे राहिले की त्यांचे हात मोकळे. म्हणजे सही दोन सरकारांनी केली, दोघांनाही काही ना काही मिळालं. ज्यानं शस्त्रं खाली ठेवायची होती त्या वाघांच्या प्रमुखाची, प्रभाकरनची, सही त्यावर नव्हती. त्याला दिल्लीत हॉटेलात ठेवून राजी करण्याचा प्रयत्न झाला. आणि ज्या जनतेच्या दारात फौज उभी राहणार होती तिला विचारायची तर पद्धतच नसते.

शेजारच्या अंगणात तिसरा कुणी येऊन बसेल ही भीती आपल्यापुरती नाही. अमेरिकेनं १८२३ मध्येच मन्रो सिद्धांत सांगून ठेवला की आमच्या खंडात युरोपीय सत्तांनी पाऊल टाकायचं नाही. १९८३ मध्ये ग्रेनाडा, कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकसंख्या लाखभर, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. तिथं कम्युनिस्ट क्युबाची माणसं धावपट्टी बांधत होती, तीही अमेरिकेला सहन झाली नाही. फौज उतरवली. कारण सांगितलं अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं.

---

सिग्नलवाला

ताई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस. नातवाकडून टाईप करून घेतोय. मी सिग्नल्समध्ये लाईनमन होतो. युनिटचं नाव लिहीत नाही. ऑगस्ट ८७ ला जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलो, पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर परतलो.

तुमच्या वडिलांनी हारांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आम्हाला सांगितलं होतं, शांतीसेना आहे, वाघ शस्त्रं जमा करतील, ती मोजून घ्यायची, काही महिन्यांत परत. मनात लढाई नव्हती. काही शस्त्रं जमा झालीसुद्धा.

लाईन टाकायची म्हणजे केबलचा ड्रम पाठीवर घेऊन चालायचं, झाडाला, खांबाला बांधत पुढं जायचं. जाफन्याच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची पुरुषभर उंच कुंपणं. आत काय चाललंय बाहेरून दिसत नाही. पोरं आमच्या मागं पळायची, ड्रम धरू द्या म्हणायची. भाषा कळत नव्हती, हातवारे चालायचे. एक वयस्कर मास्तर होते, त्यांच्याकडे बांबूची शिडी होती. रोज सकाळी आम्ही शिडी मागायचो, संध्याकाळी परत करायचो. ते बिनसाखरेचा कोरा चहा द्यायचे आणि हातावर ताडगुळाचा खडा. खडा दातानं तोडायचा आणि वरून चहा. त्यांच्या घरच्या बायका ओसरीवर ताडाच्या पानांच्या पेट्या, टोपल्या विणत बसलेल्या असायच्या. मला आईची आठवण यायची, ती शिंदीच्या झाडण्या करायची.

सप्टेंबरात तिलीपन नावाचा वाघांचा तरुण कार्यकर्ता नल्लूरच्या देवळाजवळ उपोषणाला बसला. पाण्याचा थेंब नाही. मागण्या भारताकडे होत्या. १५ तारखेला बसला आणि २६ ला गेला. हजारो माणसं रोज तिथं जमायची, रडायची. आमच्याकडे बघायची नजर त्या दिवसांत बदलली. मास्तरांनी शिडी दिली, चहा बंद झाला. मी ते तेव्हाच ओळखलं होतं, पण माझ्यासारख्यानं कुणाला सांगायचं?

मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं वाघांची होडी पकडली, १७ जण. त्यांना पलालीलाच आणून ठेवलं. कोलंबोचा हट्ट की यांना आमच्याकडे द्या. आपले वरिष्ठ तिकडे बोलणी करत होते असं कानावर यायचं. ५ तारखेला त्यांना विमानात बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सायनाईड चावलं. १२ मेले. लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र एकच राहिलं: भारताचं सैन्य तिथं असताना आमची पोरं मेली. त्यानंतर वाघांनी सिंहली माणसं मारायला सुरुवात केली आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास आम्हाला हुकूम आला की जाफना ताब्यात घ्या.

लढाईला आलो नव्हतो तशी तयारीही नव्हती. नीट नकाशे नव्हते. आमच्या हातात एका दाबाला एकच गोळी सोडणारी एसएलआर रायफल, त्यांच्या हातात एके-४७. माझ्या कामाचं सांगतो: त्यांचे वायरलेस सेट हातात मावणारे, आमच्यापेक्षा चांगले, आणि ते आमचं बोलणं ऐकत होते. ११-१२ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं जवान उतरवले, तेव्हा ते वाट बघतच बसले होते. शीख लाईट इन्फंट्रीच्या १३ व्या बटालियनचे ३० जण उतरले. २९ मेले, एक जिवंत पकडला गेला. सिग्नलच्या माणसाला ही गोष्ट आयुष्यभर खुपते.

त्यानंतर आमची लाईन रोज रात्री कापली जायची. जोडायला गेलं की झावळीमागून गोळी, नाहीतर रस्त्यात पुरलेला सुरुंग. एका सकाळी मी त्याच मास्तरांच्या गल्लीत तार जोडायला गेलो. शिडी कुंपणाला टेकवलेली होती. मी हात पुढं केला. आतून कुणीतरी ती ओढून घेतली. ओढताना आवाज आला, खर्रर्र, तो अजून कानात आहे. मला राग आला नाही हो. त्यांच्या घराच्या मागची भिंत आदल्या आठवड्यात आमच्याच तोफगोळ्यानं पडली होती.

तुमचा प्रश्न, दार का लावलं. आमच्याकडे कुस्तीच्या फडात पंच असतो. पंचाला दोन्ही तालमी मान देतात. तोच पंच अंगाला माती लावून जोड धरायला उतरला की फड त्याचा राहत नाही. आम्ही पंच म्हणून गेलो आणि अडीच महिन्यांत जोड धरली. ती धरायची का नाही हे जवानानं ठरवायचं नसतं.

पण जवानांना कुणी कमी लेखू नका एवढीच विनंती. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, आपल्या मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर ८७ ला छातीत गोळी लागली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच त्यांनी मारलं, मरेपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अडीच वर्षांत जवळपास १२०० जवान गेले. कोलंबोजवळ, त्यांच्या संसदेपासून थोड्या अंतरावर, श्रीलंकेनं आपल्या जवानांचं स्मारक केलंय, नावं कोरलेली आहेत. त्यात माझ्या ओळखीची सहा आहेत. अजून जाणं झालं नाही.

आणि ताई, पत्रात तुमच्या वडिलांनी गावाचं नाव लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. लिहायची परवानगी नसायची.

---

तंजावूरकर

आमचं घराणं व्यंकोजीराजांच्या काळात तंजावरला आलेलं. घरात बोलतो ती मराठी तुम्हाला वेगळी वाटेल, म्हणून इथं पुस्तकातली लिहितो, चुका पोटात घाला. वाढलो चेन्नईत.

मास्तरांनी "अख्खं राज्य संतापलं" असं लिहिलं. मी ८३ मध्ये १४ वर्षांचा होतो. शाळा बंद, मोर्चे, भिंतींवर जळालेल्या घरांचे फोटो. मंडपमच्या निर्वासित छावणीसाठी आई जुन्या साड्यांची गाठोडी बांधायची. सैन्य पाठवा, असं आमच्या गल्लीतली लहान पोरंसुद्धा म्हणायची. मीही म्हणायचो.

८७ मध्ये कॉलेजात माझ्या बाकावर जाफन्याचा मुलगा होता. जूनमध्ये आपल्या विमानांनी जाफन्यावर धान्य-औषधं टाकली तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना कॉफी पाजली. त्याच्या आदल्या दिवशी रामेश्वरमहून निघालेल्या मदतीच्या होड्या श्रीलंकेच्या नौदलानं परत पाठवल्या होत्या, म्हणून मग पाच मालवाहू विमानं गेली, बरोबर मिराज लढाऊ विमानं. सिग्नलवालेकाका, त्या महिन्यात तुम्ही उतरला असतात तर हार आणखी मोठे असते.

आता जे लिहितोय ते काकांच्या अनादरानं नाही. २१ ऑक्टोबर ८७, दीपावलीचा दिवस. जाफन्याच्या इस्पितळात आपले जवान शिरले, गोळीबार झाला आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठहून जास्त माणसं मेली. सैन्याचं म्हणणं, आतून आमच्यावर गोळ्या आल्या. वाचलेल्या डॉक्टरांनी आणि कर्मचाऱ्यांनी सांगितलेली हकीकत वेगळी आहे. तो मुलगा आठवडाभर कॉलेजला आला नाही. आला तेव्हा दुसऱ्या बाकावर बसला. मी काही केलं नव्हतं. पण मी भारतीय होतो, आणि त्या दिवशी त्याला तेवढंच दिसत होतं. ताई, दार लावणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरावर जवान उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्याच देशाचे जवान, आपल्याच बंदरात. ज्या राज्यानं "पाठवा" म्हणून आकांत केला होता त्याच राज्यात हे झालं. मग २१ मे १९९१, तामिळनाडूतलं श्रीपेरुंबुदुर, वाघांनी केलेली राजीव गांधींची हत्या. एका रात्रीत वारं पुन्हा फिरलं. ज्या निर्वासितांना आईनं साड्या दिल्या होत्या त्यांना भाड्यानं खोली मिळेना.

लोकांच्या भावनेसाठी सैन्य पाठवलं असं म्हणतात. भावना चार वर्षांत किती वेळा बदलली ते मी एकाच रस्त्यावर उभा राहून पाहिलंय. सैन्याला तेवढ्या वेगानं परत बोलावता येत नाही.

---

प्राग_पुणे

पुण्याचा, बारा-तेरा वर्षं प्रागमध्ये नोकरी. ताईंच्या पत्रातली पाण्याची ओळ वाचली आणि थांबलो.

माझ्या पहिल्या घरमालकीणबाई १९६८ मध्ये १९ वर्षांच्या होत्या. २० ऑगस्टच्या रात्री तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा शिरल्या, बरोबर पोलंड, हंगेरी, बल्गेरियाच्या. तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख डुबचेक यांच्या राजवटीनं वर्तमानपत्रांवरची बंधनं उठवली होती, एवढा त्यांचा गुन्हा. मॉस्कोला भीती की एक कडी सुटली तर साखळी सुटेल. बाई सांगायच्या, "रणगाड्यावरची पोरं आमच्याच वयाची. पाणी मागायची. आम्ही दिलं नाही." गावोगाव लोकांनी रस्त्यांच्या पाट्या काढल्या, की रणगाड्यांनी वाट चुकावी. बाईंना त्या पोरांची दया यायची, हेही त्या सांगायच्या. तरी पाणी दिलं नाही.

मला इथं राहून एक गोष्ट सारखी दिसते, ती बोलावण्याची. मोठा देश कधीच बिनबोलावता आलो असं म्हणत नाही. सोव्हिएतांकडे चेकोस्लोव्हाकियातल्या काही कट्टर पुढाऱ्यांचं "मदत करा" असं गुप्त पत्र होतं, ते १९९२ मध्ये उजेडात आलं. १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरतानाही सरकारच्या विनंतीवरून आलो असं सांगितलं आणि त्याच सरकारचा प्रमुख अमीन याला सोव्हिएत कमांडोंनी मारलं. ग्रेनाडात गव्हर्नर जनरलचं पत्र दाखवलं. आपल्याला जयवर्धन्यांनी बोलावलं, आणि ते मात्र खरंच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते, सही उघड होती. हा फरक मोठा आहे, मी तो पुसणार नाही. जयवर्धन्यांनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी निघा म्हटलं, तर थोडी ओढाताण झाली तरी आपण निघालो. सोव्हिएत फौज इथून १९९१ च्या जूनमध्ये हलली, म्हणजे तेवीस वर्षांनी.

पण बोलावणारा राजधानीत राहतो आणि जवान उभा राहतो दुसऱ्याच कुणाच्या दारात. कोलंबोनं बोलावलं, उभे राहिलो जाफन्यात. आणि कोलंबोतसुद्धा सगळे खूश कुठे होते? कराराच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्या नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला. तो फोटो आजही पाहिला की अंगावर काटा येतो.

मालदीवचं उलट उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८८, भाडोत्री बंडखोरांनी राजधानी घेतली, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, आग्र्याहून छत्रीधारी जवान त्याच रात्री उतरले, बंड मोडलं, आणि बहुतेक फौज थोड्याच दिवसांत परत. तिथं बोलावणारा आणि ज्याच्या दारात उभं राहायचं तो, एकच होता.

---

सिग्नलवाला

तंजावूरकर, इस्पितळाचं तुम्ही लिहिलंत ते मी नाकारत नाही. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, दोन मैलांवर होतो. त्या आठवड्यात आमचे रोज कुणी ना कुणी जात होते, माणसं भेदरलेली, चिडलेली होती. हे कारण झालं, माफी नाही झाली. तुमचा तो मित्र कुठं असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

---

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर)

प्राग_पुणे यांचा बोलावण्याचा मुद्दा मी वर्गात कधी मांडला नाही, मांडायला हवा होता. एक भर घालतो. ज्या बंदरांच्या काळजीनं आपण ती पत्रं लिहून घेतली त्यांचं पुढं काय झालं? २०१४ मध्ये कोलंबोच्या बंदरात चिनी पाणबुडी येऊन थांबली. २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं. सैन्य पाठवून शेजाऱ्याचं अंगण कायमचं राखता येत नाही असं ह्यावरून दिसतं. दुसऱ्या बाजूनं, त्याच करारातून आलेली श्रीलंकेच्या घटनेची १३ वी दुरुस्ती, प्रांतांना अधिकार देणारी, आजही कागदावर आहे आणि तिथले तमिळ पुढारी आजही तिचाच आधार घेऊन बोलतात. सगळं वाया गेलं असंही नाही.

---

वसनाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. सिग्नलवालेकाकांची शिडी आली तिथं तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

मी दोन पत्रांत "काय झालं" ते शोधत होते. माझ्या मनात कुठेतरी असं होतं की वडिलांच्या हातून काही वाईट घडलं असेल, म्हणून ते गप्प राहिले. आता वाटतं, कदाचित त्यांच्याबाबतीत घडलं ते एवढंच की ज्यांनी शहाळं दिलं त्यांनीच दार लावलं, आणि ते का लावलं हे त्यांना कळत होतं. खरं काय ते आता सांगायला कुणी नाही. पण पुढच्या आठवड्यात दहावीचा तास आहे. मन्रो सिद्धांताच्या आधी फळ्यावर भारत आणि श्रीलंकेच्या मधली पाल्कची सामुद्रधुनी काढणार आहे.

आणि एक गोष्ट. काकांनी ताडाच्या पानांच्या पेट्या लिहिल्या, तेव्हा आई काही न बोलता उठली आणि माजघरातून लवंग-वेलदोड्याची पेटी घेऊन आली. विणलेली, झाकणाची, लाल-जांभळ्या पट्ट्यांची. लहानपणापासून मी ती बघत आलेय. कोकणातली समजत होते. आई म्हणाली, "ती त्यांनी तिकडून आणलेली. पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्यानं दिली म्हणाले. फुटू नये म्हणून कपड्यांत गुंडाळून आणली."

आज सकाळी उजेडात बघितली. तळाशी शाईनं काहीतरी लिहिलंय, तमिळ असावं. शाई पुसट झालीय, पण चार-पाच अक्षरं दिसतात. फोटो काढून संध्याकाळी इथं टाकते. तंजावूरकर, वाचून सांगाल का?